जंगल, जुनं काही आणि समुद्र: नागपूरहून आईला घेऊन दहा दिवस कुठे जावं?

निळी_ओंजळ (१८ जानेवारी, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

आम्ही पाच जण. मी, नवरा, मुलगी ११ वर्षांची, मुलगा ७ वर्षांचा आणि माझी आई, वय ६७. आईनं ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. त्या सगळ्या वर्षांत तिचा प्रवास म्हणजे बदलीचं गाव ते नागपुरातलं इंदोरा, आणि एकदाच बोधगया. बाबा गेल्यापासून ती कुठे जायचं नावच काढत नाही. दिवाळीत मात्र मुलं नकाशा मांडून बसली होती तेव्हा म्हणाली, "मलाही न्या."

मुलीला जंगल हवंय. मुलानं समुद्र अजून पाहिलेला नाही, लहानपणी अंबाझरीच्या तलावालाच समुद्र म्हणायचा. आईला विचारलं तर म्हणाली, "काहीतरी जुनं दाखवा, जिथं बसावंसं वाटेल." तिघांची हौस एकाच प्रवासात व्हावी एवढीच इच्छा आहे.

अडचणी अशा: सुट्टी जूनमध्येच मिळेल, आपल्या शाळा उघडायच्या आत परत यायला हवं. आईचे गुडघे दुखतात, एका दिवसात चार-पाच तासांपेक्षा जास्त गाडी तिला सोसत नाही. पैसे साठवले आहेत. अगदी ताणलं तर आफ्रिका होईल, पण मग पुढची दोन-तीन वर्षं कुठेही जाणं नाही.

---

भिवापुरी_मिरची (१८ जानेवारी, रात्री १०:१५)

ताई, जंगल पाहाले एवढ्या दूर कायले जाता जी? आपल्या उंबऱ्यावर वाघ आहे. कऱ्हांडला घरून दीड तासाचा रस्ता, पेंच दोन तासांचा, ताडोबा अडीच-तीन तासांचा. जगातले लोक विमानानं नागपूरले उतरून आपल्या जंगलात जाऊन राहिले, अन् आपण बाहेर पाहून राहिलो.

पोट्ट्याइले पयले हे दाखवा. मंग जग दाखवा.

---

लांबपल्ला (१९ जानेवारी, सकाळी ७:०५)

मिरचीभाऊंचं म्हणणं मान्य, तरी आफ्रिकेबद्दल लिहितो, कारण ताईंना हव्या असलेल्या तिन्ही गोष्टी एका सलग प्रवासात तिथे खरोखर मिळतात. आम्ही दोघं टांझानियाला गेलो होतो. आधी सेरेंगेटी, मग गोरोंगोरो, शेवटी झांझिबार.

पहिला फरक डोळ्यांना जाणवतो. आपल्या जंगलात नजर बांबूच्या बेटाला अडते, जनावर दिसण्याआधी ऐकू येतं. सेरेंगेटीत गवताचा समुद्रच, दोन किलोमीटरवरची सिंहीण दुर्बिणीत सापडते. दहा लाखांवर विल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबत लाखो झेब्रे वर्षभर पावसामागे गोल फिरत राहतात. जानेवारी-फेब्रुवारीत दक्षिणेच्या गवताळ भागात त्यांची पिल्लं जन्मतात, आणि जुलै ते ऑक्टोबर या काळात ते मारा नदी ओलांडतात. जूनमध्ये कळप वाटेत असतात, हवा कोरडी आणि थंड असते. गोरोंगोरो म्हणजे खचलेल्या ज्वालामुखीचं पात्र, सहाशे मीटर खोल. सकाळी कड्यावर उभं राहिलं की खाली ढग दिसतात आणि ढगांखाली गेंडा चरत असतो.

झांझिबारचं स्टोन टाऊन पाहताना आईंना बसावंसं वाटेल. अरुंद गल्ल्या, आणि दारं अशी कोरलेली की एकेका दारापाशी थांबावं. पितळेचे अणकुचीदार खिळे ठोकलेली दारं पाहून मला आपल्याकडच्या वाड्यांची आणि गढ्यांची आठवण झाली. त्या दारांमागे गुजराती, कच्छी व्यापाऱ्यांचा हात आहेच. भाषाही कानाला ओळखीची लागते. गाडीला 'गारी', दुकानाला 'दुका', चहाला 'चाई', आणि चपातीला चपातीच. सफारी हा शब्दही त्यांचाच, अर्थ नुसता 'प्रवास'. पूर्व किनाऱ्यावर ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की बायका दोरीला बांधलेलं समुद्री शेवाळ काढायला चालत आत जातात. मुलगा तिथे दिवस दिवस रमेल.

आता खरी अडचण सांगतो. रस्ते. एकेक टप्पा सहा-सात तासांचा, कच्चा, हाडं खिळखिळी करणारा. माझं वय ४४, तरी रात्री पाठ शेकावी लागली.

---

निळी_ओंजळ (१९ जानेवारी, दुपारी १:३०)

लांबपल्ला दादा, वाचता वाचता मुलीनं फोन हातातून घेतला. धन्यवाद. लसीचं काय असतं? नवऱ्यानं कुठेतरी वाचलं.

---

लांबपल्ला (१९ जानेवारी, रात्री ८:५०)

हे मी आधीच लिहायला हवं होतं. केनियामार्गे परत येणाऱ्यांना भारतात उतरताना पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. लस शासनमान्य केंद्रातच मिळते आणि निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. आईंचं वय ६७ आहे. साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टर प्रकृती नीट पाहूनच निर्णय घेतात. माझ्या सासऱ्यांना डॉक्टरांनी नको म्हटलं होतं, म्हणूनच आम्ही दोघंच गेलो. आधी डॉक्टर, मग तिकीट.

---

मोहफूल (२० जानेवारी, रात्री ११:२०)

माझं बालपण मोहर्लीजवळच्या गावात गेलं, नोकरीमुळे आता नागपुरात असतो. म्हणून ताडोबाबद्दल थोडं सविस्तर लिहितो. ताई, तुम्ही कुठेही जा, पण जूनच्या आधी मुलांना एकदा ताडोबाला न्या. तिथे डोळा तयार होतो.

लोक गेटमधून आत गेले की पहिला प्रश्न विचारतात, "आज वाघ दिसेल ना?" जिप्सी मग धूळ उडवत एका पाणवठ्यावरून दुसऱ्या पाणवठ्यावर पळते. चार तास संपतात, वाघ दिसला तर फोटो असतो, नाही दिसला तर राग असतो. जंगल मात्र दोन्ही वेळा पाहायचं राहूनच जातं.

तुम्ही गाईडला सांगा, घाई नाही, एका जागी थांबू. बांबूत इंजिन बंद केलं की पहिली दोन मिनिटं काहीच ऐकू येत नाही. मग कान उघडतात. वाळक्या पानांवर हरणाचं खूर पडतं तो आवाज वेगळा, रानकोंबडी उकरते तो वेगळा. वानर झाडाच्या शेंड्यावरून खोकल्यासारखं खाकरलं, त्याला चितळाची शिट्टी मिळाली, तर समजावं की कुणीतरी चालतंय. चितळ उगाचही ओरडतं, पण सांबर सहसा फसत नाही. सांबराचा 'ढाँक' आला की गाईड सरळ बसतो. मुलीला हे शिकवा. वाघ न दिसताही तो कुठून कुठे गेला हे कळणं, यात जो आनंद आहे तो मला आजही पुरतो.

मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर मोह गळत असतो. पहाटे झाडाखाली पांढऱ्या-पिवळ्या फुलांचा सडा असतो, गोड, जड वास दरवळतो आणि अस्वल ती फुलं खायला येतं. आमच्या गावच्या बायका टोपल्या घेऊन त्याच झाडाखाली येतात, म्हणून पहाटेच्या वेळा दोघंही सांभाळतात. गावात अस्वलानं जखमी केलेली माणसं मी पाहिली आहेत. जंगलाचं कौतुक करताना शेजारी राहणाऱ्यांचं हे जगणं मुलांना सांगा. गाईडशी बोला. मोहर्लीत गाईड म्हणून काम करणाऱ्या बायका आहेत, त्यांच्या तोंडून जंगल ऐकण्यासारखं आहे.

ताडोबा हे नावच माणसाचं आहे. तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला, तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे, पौषात आमचे लोक तिथे पूजेला येतात. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, महाराष्ट्रातलं पहिलं, पण तारूची गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची.

आईंसाठी: परतताना भद्रावतीला थांबा. विजासन टेकडीत बौद्ध लेणी आहेत, आत गारवा असतो, गर्दी जवळजवळ नसते. चंद्रपुरात गोंड राजांचा परकोट आणि राणी हिराईनं नवऱ्यासाठी, बीरशाहासाठी, बांधलेली समाधी पाहा.

जाताना लक्षात ठेवा: कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, मंगळवारी बंद असतो. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद, बफरची, म्हणजे भोवतालच्या पट्ट्याची, काही गेटं सुरू राहतात. बुकिंग सरकारी संकेतस्थळावरूनच करा, आणि ज्या ओळखपत्रावर बुकिंग केलं तेच मूळ ओळखपत्र सोबत हवं. मोबाईल आत नेऊ देत नाहीत, आणि ते फार चांगलं आहे.

---

गोरेवाडा (२१ जानेवारी, सकाळी ६:१०)

मोहफूल, सुंदर लिहिलंत.

एक भर: पेंचला सिल्लारीकडे गेलात तर एक रात्र मुक्काम करा. २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या पेंचला भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. आसपासच्या गावांतले दिवे बदलून उजेड खाली वळवला आहे. नागपुरात वाढलेल्या मुलांनी आकाशगंगा डोळ्यांनी पाहिलेली नसते.

---

खाडीकाठ (२१ जानेवारी, दुपारी ४:००)

मी मालवणची, लग्नानंतर नागपुरात आले. माझ्या गावचं कौतुक करायला मला फार आवडलं असतं, पण जूनमध्ये कोकणात समुद्रासाठी जाऊ नका. १ जूनपासून मासेमारी बंद, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, समुद्र गढूळ आणि खवळलेला. पाऊस बघायचा तर जरूर या. पहिल्यांदा समुद्र पाहणाऱ्या सात वर्षांच्या मुलाला मात्र पाण्यात पाय टाकता आला पाहिजे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या. तारकर्लीला राहा, रात्री देवळात दशावतार लागला असेल तर जागा.

---

संत्राबर्फी (२१ जानेवारी, सायं. ६:३५)

पुरीचं सुचवणार होते. नागपूरहून थेट गाडी आहे, कोणार्कचं सूर्यमंदिर आहे, चिलिकात सातपाड्याला डॉल्फिन दिसतात. पण जूनमध्ये उकाडा आणि मग रथयात्रेची गर्दी, गुडघेदुखी असलेल्या आजींना झेपणार नाही. हिवाळ्यासाठी लिहून ठेवा.

---

पिंपळपान (२२ जानेवारी, रात्री १०:०५)

निळी ताई, तुमचा धागा चार दिवस वाचते आहे. जून महिना, बौद्ध घरातल्या ६७ वर्षांच्या आई, जंगल आणि समुद्र. माझ्या डोळ्यांसमोर एकच जागा येते, श्रीलंकेतलं अनुराधापूर. मी दोनदा गेले आहे, एकदा माझ्या वडिलांना घेऊन. तेव्हा ते ७२ वर्षांचे होते.

दीक्षाभूमीवर स्तूपाजवळ जो बोधिवृक्ष आहे, ज्याच्या सावलीत आपण दर अशोक विजयादशमीला थांबतो, तो भदंत आनंद कौसल्यायन यांनी अनुराधापूरहून आणलेल्या फांद्यांपासून वाढला. अनुराधापूरचा वृक्ष म्हणजे जया श्री महाबोधी. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा हिनं बोधगयेच्या मूळ वृक्षाची फांदी इ.स.पू. तिसऱ्या शतकात लंकेत नेली, त्याचा तो वृक्ष. माणसानं लावलेल्या आणि लावल्याचा काळ माहीत असलेल्या झाडांत तो जगात सर्वांत जुना मानतात. म्हणजे आपल्या झाडाची आई तिथे आहे. बाबासाहेबही १९५० साली बौद्ध परिषदेसाठी लंकेला गेले होते, धर्मांतराच्या सहा वर्षं आधी.

आता समुद्राचं. लंकेला दोन मान्सून मिळतात आणि सगळं गणित त्यावर आहे. मे ते सप्टेंबर नैऋत्य मान्सून पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्याला झोडपतो, त्याच वेळी पूर्व किनारा कोरडा आणि शांत असतो. डिसेंबर ते मार्च याच्या उलट. जूनमध्ये जाणाऱ्यांनी बेंटोटा, मिरिसा विसरावं आणि त्रिंकोमालीजवळ निलावेलीला जावं. उथळ पाणी, बारीक पांढरी वाळू. अनुराधापूरहून ते सुमारे शंभर किलोमीटर, म्हणजे आईंच्या चार तासांच्या आत.

आणि जंगल: अनुराधापूरच्या पश्चिमेला तासाभरावर विल्पत्तू आहे, लंकेतलं सर्वांत मोठं राष्ट्रीय उद्यान. सगळे दक्षिणेच्या 'याला' उद्यानात जातात, तिथे जीपची रांग लागते. विल्पत्तूत 'विल्लू' म्हणतात ती नैसर्गिक तळी आहेत, आणि शांतता आहे. लंकेत वाघ नाही, सिंह नाही, त्यामुळे बिबट्या तिथला राजा आहे आणि दिवसाढवळ्या रस्त्यावर येऊन बसतो.

जूनच्या पौर्णिमेला पोसोन असतो. अशोकपुत्र महेंद्र मिहिंतलेच्या टेकडीवर धम्म घेऊन आले तो दिवस. अनुराधापूरला पांढऱ्या कपड्यांतली लाखो माणसं येतात, रस्त्यावर 'दन्सल' म्हणजे फुकट जेवणाचे मांडव असतात, अगदी आपल्या दसऱ्यासारखे. तुम्ही पौर्णिमेच्या नेमक्या दिवशी जाऊ नका, आईंना गर्दी सोसणार नाही. तीन-चार दिवसांनी जा.

---

संत्राबर्फी (२३ जानेवारी, सकाळी ९:२०)

पिंपळपान ताईंचं किनाऱ्याबद्दलचं म्हणणं सोन्यासारखं आहे. आम्हाला एका एजंटनं जूनमध्येच पश्चिम किनाऱ्याचं हॉटेल दिलं होतं. चार दिवस लाल बावटा. मुलं काचेतून समुद्र बघत होती, पाण्याला पाय लागला नाही. परत आल्यावर कळलं की दोनशे-अडीचशे किलोमीटरवर त्याच वेळी लोक पोहत होते. पैसे गेले त्याचं फारसं नाही, पण धाकटी विमानात रडत होती ते अजून आठवतं.

---

निळी_ओंजळ (२३ जानेवारी, रात्री ९:००)

आज जेवणानंतर आईला पिंपळपान ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. "आपल्या झाडाची आई तिथे आहे" हे वाक्य आलं तेव्हा तिचे हात थांबले. म्हणाली, "परत वाच." परत वाचलं. मग तिनं मेथीची काडी खाली ठेवली आणि विचारलं, "पासपोर्टला काय काय लागतं?"

तेव्हा ठरलं. आफ्रिका मुलं मोठी झाल्यावर. लांबपल्ला दादा, तुमचा प्रतिसाद मुलीनं वहीत उतरवून ठेवला आहे.

आता पुढचे प्रश्न. दहा दिवसांत कँडी, सिगिरिया, नुवारा एलिया, गॉल हे सगळं घालावं का? नवऱ्याला वाटतं, इतक्या लांब गेलोच आहोत तर पाहून यावं.

---

पिंपळपान (२३ जानेवारी, रात्री ९:४५)

नको. दादांना माझा आग्रहाचा निरोप सांगा. दोनच मुक्काम करा, अनुराधापूर पाच रात्री, निलावेली चार. गॉल दुसऱ्या टोकाला आहे आणि जूनमध्ये तो किनारा पावसात असतो. नुवारा एलियाचे चहाचे मळे डोंगरात, वळणांचे रस्ते, गुडघ्यांना आणि पोटाला दोन्ही त्रास. सिगिरिया मधल्या वाटेवर पडतं. पाचव्या शतकातला काश्यप राजाचा तो किल्ला, पण बाराशे पायऱ्या आहेत. दादा आणि मुलीनं पहाटे चढावं, आईंनी खाली बागेत बसावं, ती बागही त्याच काळातली आहे.

थोड्या बारीक गोष्टी. देवस्थानात चपला आणि टोपी दोन्ही काढावी लागतात. दुपारी दगड तापतात, जाड मोजे न्या, आणि जायचं ते सकाळी साडेसहाला किंवा संध्याकाळी. कपडे पांढरे, खांदे-गुडघे झाकलेले. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, तिथे तो मोठा अपमान समजतात. तिकिटाच्या खिडकीवर पासपोर्ट दाखवा, बऱ्याच ठिकाणी सार्क देशांना कमी दर असतो. ड्रायव्हरसकट गाडी घ्या. मिहिंतलेला १,८४० पायऱ्या आहेत, पण गाडी वरच्या वाहनतळापर्यंत जाते, मग थोड्याच उरतात.

---

मोहफूल (२४ जानेवारी, सकाळी ७:३०)

विल्पत्तूबद्दल मला एक गोष्ट सांगायची आहे. जून-जुलैत तिथे 'पालू' पिकतं. पालू म्हणजे आपली खिरणी! उन्हाळ्यात आपल्याकडे टोपलीत पिवळ्या खिरण्या विकायला येतात, तीच. ती खायला अस्वलं झाडावर चढतात. आपल्याकडे मोह आणि अस्वल, तिकडे खिरणी आणि अस्वल. ड्रायव्हरला बिबट्या नका विचारू, पिकलेली पालूची झाडं कुठे आहेत ते विचारा.

---

भिवापुरी_मिरची (२४ जानेवारी, सकाळी ८:००)

खाण्याचं काय जी तिकडं? आजीले तिखट लागते का नाही?

---

पिंपळपान (२४ जानेवारी, सकाळी १०:१०)

लागलं तर भरपूर मिळतं, मिरचीभाऊ. ओल्या नारळाचं, लाल मिरचीचं 'पोल सांबोल' जिभेला आपल्यासारखंच चटका देतं. डाळ आहे, भात आहे, सकाळी शेवयांसारखे 'इंडिआप्पा' असतात. म्हशीचं दही मातीच्या गाडग्यात, त्यावर किथुल माडाचा काकवीसारखा पाक. वडिलांनी रोज दोन वाट्या खाल्ल्या.

---

निळी_ओंजळ (९ एप्रिल, रात्री १०:३०)

ताडोबा झालं! मोहर्ली गेट, दोन सफारी. मोहफूल दादा, सांगितल्याप्रमाणे एका जागी थांबलो. वाघ नाही दिसला. सांबराचा आवाज मुलीनं गाईडच्या आधी ओळखला, त्यांनी मागे वळून तिला हात जोडले. घरी आल्यापासून ती गॅलरीत बसून खारीचे आवाज लिहून ठेवते आहे.

विजासनच्या लेण्यात आई पाऊण तास बसली. पासपोर्ट आले. लंकेचा ऑनलाईन प्रवेश परवाना विमानाच्या तारखा पक्क्या झाल्या की काढणार. तामिळनाडू एक्सप्रेसनं दुपारी निघून सकाळी चेन्नई, तिथून कोलंबो सव्वा-दीड तास. आईला विमानापेक्षा गाडीचाच जास्त भरवसा वाटतो.

---

निळी_ओंजळ (२७ जून, रात्री ११:१५)

परवा परत आलो. शाळा उघडायच्या गडबडीत आहे, तरी तुम्हा सगळ्यांना सांगितल्याशिवाय झोप येणार नाही.

विल्पत्तूत पहिल्या सकाळी हत्ती, मोर, तळ्याकाठी मगरी. ड्रायव्हरला पालूचं विचारलं तर तो हसला आणि मुख्य रस्ता सोडून आत घेऊन गेला. उंच झाड, खाली पिवळ्या फळांचा खच. पाच-दहा मिनिटं काहीच नाही. मग वरून एक फांदी कडकडली आणि मुलीनं माझा दंड धरला. झाडाच्या बेचक्यात काळं अस्वल बसलं होतं. पुढच्या पंजानं फांदी ओढायचं, तोंड लावून फुर्रर्र करून फळं ओढायचं, मधेच थांबून आमच्याकडे बघायचं. ओठांवर पिवळा रस. बिबट्या दुसऱ्या दिवशी दिसला, रस्त्यात आडवा झोपलेला. पण घरी आल्यापासून मुलगी सगळ्यांना अस्वलाचंच सांगते आहे.

त्रिंकोमालीत शिरताच मुलगा ओरडला, "आई, चितळ!" खरंच, जुन्या किल्ल्याच्या रस्त्यावर चितळं गाईंसारखी फिरत होती. निलावेलीला पोचलो तेव्हा संध्याकाळ होती. तो गाडीतून उतरून वाळूच्या कडेपर्यंत धावत गेला आणि तिथेच उभा राहिला, एकदम गप्प. मग वाकून बोट बुडवलं, चाखलं आणि मागे वळून म्हणाला, "खरंच खारट आहे." चार दिवस त्याला पाण्यातून ओढून काढावं लागलं.

आणि आई.

पहाटे सहाला गेलो. पोसोनचे पांढरे झेंडे अजून रस्त्याभर होते. दारात निळी कमळं विकायला होती, तिनं ओंजळभर घेतली. मूळ वृक्ष वरच्या ओट्यावर आहे, सोनेरी कठड्याच्या आत, त्याच्या म्हाताऱ्या फांद्यांना सोनेरी टेकू दिले आहेत. हात लावता येत नाही. खाली वाळूत माणसं बसलेली असतात. आईला खाली बसता येईना. तिथे एक सिंहली आजी होत्या, आईच्याच वयाच्या, पांढरी साडी. त्यांनी भिंतीलगतच्या कट्ट्यावरची आपली पिशवी उचलली, सरकल्या आणि हातानं खूण केली. आई बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

थोड्या वेळानं त्या आजींनी डोळे मिटून सुरू केलं, "नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स." आईनं तिथूनच उचललं. मग तिसरण, मग पंचशील, शब्द न् शब्द तेच, चाल थोडी वेगळी. आई रोज सकाळी देव्हाऱ्याजवळ म्हणते तेच. मुलं मधे बसली होती, तीही म्हणू लागली. संपल्यावर त्या आजींनी आईच्या गुडघ्यावर हात ठेवून काहीतरी विचारलं, बहुतेक दुखतं का म्हणून. आई मराठीत म्हणाली, "आता नाही."

पाचही दिवस सकाळी आम्ही तिथेच गेलो. रुवनवेलीसाय स्तूपाच्या पांढऱ्या घुमटाभोवती आईनं हळूहळू एक प्रदक्षिणा घातली, भिंतीतले हत्ती मुलानं मोजले. मिहिंतलेला वरच्या वाहनतळापर्यंत गाडीनं गेलो, पुढे जमेल तेवढं चढलो. सिगिरिया नवरा आणि मुलगी चढून आले. कँडी राहिलं, गॉल राहिलं.

---

लांबपल्ला (२८ जून, सकाळी ६:४०)

दोनदा वाचलं. मुलीला सांगा, वही जपून ठेव.

---

भिवापुरी_मिरची (२८ जून, सकाळी ७:१५)

ताई, डोयात पाणी आलं जी. आजीले माझा जय भीम सांगा.

---

पिंपळपान (२८ जून, सकाळी ९:३०)

माझे वडील त्याच कट्ट्यावर बसले होते. ते आता नाहीत. खूप बरं वाटलं.

---

निळी_ओंजळ (२८ जून, रात्री ८:२०)

आई शेजारी बसली आहे. ती सांगते ते तसंच टाइप करते:

"पिंपळपान ताई, तुमची माझी ओळख नाही, पण तुम्ही मला घर दाखवावं तसं ते झाड दाखवलं. दरवर्षी दीक्षाभूमीवर आमच्या वस्तीतल्या बायका पाणी वाटतात, मीही असते. आजवर मी झाडाकडे पाठ करून पाणी वाटत होते, यंदा तोंड करून उभी राहणार आहे. तुम्ही या. मोहफूल दादांनाही म्हणावं या, आणि मिरचीभाऊंनाही."

---

पिंपळपान (२८ जून, रात्री ८:४५)

येते. १४ ऑक्टोबरला की दसऱ्याला?

---

निळी_ओंजळ (२८ जून, रात्री ८:५०)

दसऱ्याला म्हणते आहे. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत.